इंग्रजीचे ३० मार्क सोडून टीईटीला ९० निघतात का?

जिंतूरचे_गुरुजी
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी. २००२ ला शिक्षण सेवक म्हणून लागलो, तेव्हा ३००० रुपये मानधन होतं, तीन वर्ष तेवढ्यावर काढली. आता वय ४७. आयुष्यातली शेवटची परीक्षा डीएडची दिली असं समजून निवांत बसलो होतो तर १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला अन् आमच्या शाळांच्या केंद्रात सुतक पडल्यासारखं झालं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीत त्यांनी दोन वर्षात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर घरी. मला अजून ११ वर्ष आहेत. त्यामुळं फॉर्म भरला, पेपर १, तारीख २३ नोव्हेंबर.

आता मुद्द्याचं. १५० प्रश्न, अडीच तास. बालमानसशास्त्र ३०, मराठी ३०, इंग्रजी ३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. इंग्रजी सोडून कशाची भीती नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होती, दहावीला मला इंग्रजीत ३८ पडले होते अन् त्या दिवशी आईनं पेढे वाटले होते, एवढ्यावरून समजून घ्या. निगेटिव्ह मार्किंग नाही. मी ओपनमधला, म्हणजे ६० टक्के, ९० मार्क पाहिजेत. तर इंग्रजीचे ३० डोळे झाकून एकाच पर्यायावर मारायचे अन् सगळा जोर बाकीच्या १२० वर लावायचा असा प्लॅन आहे. जमंल का? बायको म्हणती येड लागलंय तुम्हाला.

टीईटीग्रस्त
वहिनींचं बरोबर आहे.

आकडेमोड_संभाजीनगर
गुरुजी, बघा गणित. चार पर्याय, ३० प्रश्न, डोळे झाकून मारले तर सरासरी साडेसात बरोबर येतात. पण सरासरी म्हणजे खात्री नाही. साधारण पाचात एकदा पाच किंवा त्याहून कमी येतील अन् पाचात एकदा दहा किंवा जास्त. म्हणजे ७ धरून चला. मग उरले ८३, ते १२० मधून काढायचे, म्हणजे ६९ टक्क्याच्या वर. प्रत्येक विषयात २१ च्या आसपास, कुठंच घसरायचं नाही. आरक्षणातल्यांना ५५ टक्के लागतात त्यामुळं त्यांचं थोडं सोपं पडतं. तुमचं अशक्य नाही पण चारही बैल सारखे पळाले तरच गाडी लागती. एक जरी बसला की संपलं.

आणि सगळं एकाच पर्यायावर मारलं काय किंवा नक्षी काढली काय, फरक पडत नाही, उगं 'सी लकी असतं' वगैरे डोक्यात घेऊ नका.

लातूरची_लेक
थांबा थांबा. गुरुजी, राग नका मानू पण एक विचारते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तुम्ही २००२ ला लागलात. मग २३ वर्ष पहिली ते चौथीच्या लेकरांना इंग्रजी कोण शिकवूलालंय?

नांदेडी_मिरची
😂😂 गेले गुरुजी.

टीईटीग्रस्त
केंद्रप्रमुखांना टॅग करा कुणीतरी

जिंतूरचे_गुरुजी
ताई, वर्मावर बोट ठेवलं. खरं सांगतो, आधी एक मॅडम होत्या त्या घ्यायच्या, त्यांची बदली झाली मग दुसऱ्या आल्या त्या घेतात. मी गणित अन् परिसर. मधी दीड वर्ष एकटाच होतो तेव्हा मीच घेतलं, ए फॉर ॲपल, कविता, हात धुवा-बसा-उठा एवढं येतंय की. पण टीईटीत तेवढ्यावर भागत नाही ना. उतारा देतात, त्यात एक शब्द अडला की मला सगळाच उतारा अडतो.

बिनपगारी_बीएड
मला या धाग्याचा रागच आला स्पष्ट बोलतो. माझं वय ३१. बीएड. सीईटी देऊन बीएडला लागलो, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालंय. टीईटी पेपर २ पास, केंद्राची टीईटी म्हणजे सीटेट पास, टेट २०२३ दिली, टेट २०२५ दिली. २०२३ च्या ऑगस्टात कोर्टानं बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीचं दार लावलं तेही सोसलं. अजून शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर यादी बघत बसलोय, अन् दिवसा चुलत्याच्या कृषी केंद्रात खताच्या गोण्या मोजायलोय. आणि इथं २३ वर्ष पगार घेतलेला माणूस विचारायलाय की इंग्रजी सोडून चालंल का. आम्हाला कुणी विचारलं का काय सोडून चालंल?

हळद_वसमत
बाळा, राग बरोबर आहे पण माणूस चुकतोय तुझा. गुरुजी लागले तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. टीईटीची अट घातली २३ ऑगस्ट २०१० ला. आपल्याकडं पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ ला. त्या माणसानं त्या वेळच्या नियमानं डीएड केलं, त्या वेळच्या नियमानं लागला. मी ५५ चा आहे, माझी पाचापेक्षा कमी उरलीत म्हणून मी सुटलो, नोकरी राहती. पण बढती पाहिजे असंल तर मलाही टीईटी लागती. मी म्हणलं राहू द्या ती बढती, मुख्याध्यापक होऊन खिचडीचा तांदूळच मोजायचाय.

बिनपगारी_बीएड
काका तुमच्यावर राग नाही. पण डीएड-बीएडचा पेपर आम्हीपण दिला अन् त्यावर टीईटी अन् त्यावर टेट. तुम्हाला एकच द्यायचीय, तीपण दोन वर्षांत कितीही वेळा.

टीईटीग्रस्त
एक मिनिट, टीईटी अन् टेट वेगळं असतंय का? मी आत्तापर्यंत एकच समजत होतो अन् लोक बोबडं बोलतात असं वाटायचं

लातूरची_लेक
वेगळं. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ती पास असंल तर तुम्ही पात्र, बास. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, त्यात पास-नापास नसतं, मार्कावरून पवित्र पोर्टलवर नंबर लागतो. २०० प्रश्न, १२० मिनिटं, कॉम्प्युटरवर. १२० मार्क अभियोग्यता, ८० बुद्धिमत्ता. एका प्रश्नाला ३६ सेकंद. पहिली २०१७ ला झाली, मग थेट २०२३, मग २०२५. आधीच नोकरीत असलेल्याला नुसती टीईटी पाहिजे. टेट देऊन मी बाहेर आले तर दहा मिनिटं मला माझी गाडी कुठं लावली ते आठवत नव्हतं.

प्रमाणपत्र_अमर_आहे
टीईटीच्या गोष्टी सांगायच्या तर मी २०१३ च्या पहिल्या बॅचचा पास. प्रमाणपत्र सात वर्ष चालायचं, २०२० ला मुदत संपली म्हणून पुन्हा अभ्यास काढला, तेवढ्यात कोरोना, अन् २०२१ ला सरकारनं सांगितलं की आता आयुष्यभर चालणार, २०११ पासूनच्या सगळ्यांचं. लॅमिनेशन करून देवघरात लावलंय. नोकरी नाही, पण प्रमाणपत्र माझ्या नंतरही राहील.

उर्दू_मीडियम
आदाब. जिंतूरवाले सर, तुमचं दुःख मला समजतंय पण उलटं. आमचं भाषा १ उर्दू, भाषा २ मराठी. बोलायला मराठी फर्राटेदार येते, जन्म परभणीत गेला, बाजारात भांडण पण मराठीतच करतो. पण पेपरात विचारतात समास ओळखा, प्रयोग ओळखा, अलंकार ओळखा. 'तो पोळी खातो' कर्तरी का कर्मणी, अरे भाई त्याला खाऊ द्या ना. मागच्या वेळी ३० पैकी ११ आले मराठीत. आता माझी मुलगी शिकवतेय, सातवीत आहे, छडी घेऊन बसते.

नांदेडी_मिरची
उर्दू_मीडियम भाई, मराठी मीडियमवाल्यांनाबी तेवढेच येतेत, फक्त आमी सांगत नाई कुणाला 😄

अंबाजोगाईचा_फळा
सगळे इंग्रजी-मराठीत अडकलेत पण मी बघितलंय, आपल्या जुन्या गुरुजींना खरा दणका बालमानसशास्त्र देतं. त्यांना वाटतं २५ वर्ष लेकरांत काढली म्हणजे येतंय सगळं. तिथं प्रश्न असतो पियाजे, व्हिगॉट्स्की, कोहलबर्ग, थॉर्नडाइकचे तीन नियम, गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता. अनुभवावरून उत्तर द्यायला गेलं की चुकतं, कारण चारही पर्याय खरे वाटतात. 'वर्गात मूल प्रश्न विचारतं तेव्हा शिक्षकाने काय करावे' असा प्रश्न आला की आपण वर्गात करतो ते उत्तर नसतंय हे पक्कं धरा 😀

मी पाठ करण्यापेक्षा वर्गात करून बघितलं. पियाजे म्हणतो २ ते ७ वयाचं लेकरू पूर्वक्रियात्मक अवस्थेत असतं, त्याला पाण्याचा आकार बदलला की पाणी बदललं वाटतं. ७ ते ११ मूर्त क्रियात्मक, तिथं कळतं. दोन सारखे पेले घेतले, सारखं पाणी, मग एकातलं पसरट वाटीत ओतलं. पहिलीची लेकरं म्हणाली पेल्यात जास्त. चौथीची म्हणाली सारखंच की गुरजी. मी खूष. तर पहिलीतलंच एक कारटं उठून म्हणतंय, "पाणी तेवढंच हाय गुरजी, पर टँकरवाला आला की माय घागरीनंच मोजती, वाटीनं नाई." पियाजे तिथंच पडला. पण ते अवस्थांचं कोष्टक आता जन्मात विसरणार नाही मी.

हळद_वसमत
पियाजे मराठवाड्यात आला असता तर वयं बदलली असती त्यानं. आमच्याकडं पाच वर्षाच्या लेकराला टँकर किती लिटरचा ते सांगता येतं.

गुणवंत_क्लासेस_खात्रीशीर
१०० टक्के यश!! टीईटी सेवांतर्गत शिक्षक स्पेशल बॅच, घरबसल्या, संभाव्य प्रश्नसंच मिळेल, संपर्क…
[जाहिरात असल्याने मजकूर काढला आहे. – संपादक]

घाटनांदूर_लोकल
'संभाव्य' म्हणे. २०१९ च्या टीईटीचं विसरले वाटतं लोक. पैसे देऊन मार्क वाढवले, तपासात सगळं बाहेर आलं अन् २०२२ ला साडेसात हजारांच्या वर उमेदवार बाद केले, पुढच्या परीक्षेलाही बंदी. आमच्या गल्लीतला एक होता, नाव नाही घेत. जमीन इकून पैसे दिले होते. पैसे गेले, नोकरी गेली, रानबी गेलं. तो आता कुणाशी बोलत नाही. त्यामुळं गुरुजी, इंग्रजीत सात मार्क पडले तरी चालतील पण असल्या संचाच्या नादी लागू नका.

जालना_स्टील
मला मूळ निकालाबद्दलच बोलायचंय. वकिलाला वीस वर्षांनी सनद पुन्हा काढ म्हणतात का? डॉक्टरला पुन्हा प्रवेश परीक्षा द्यायला लावतात का? शिक्षकच कामून सापडतो सगळ्यांना? मतदार यादीचं बीएलओचं काम आम्ही करायचं, सर्वेक्षण आम्ही, शाळेच्या माहितीचं युडायस आम्ही भरायचं, आधार जुळत नाही म्हणून पालकांच्या मागं आम्ही फिरायचं, अन् यातून वेळ मिळाला तर शिकवायचं अन् आता अभ्यासबी करायचा. यंदा सप्टेंबरात एवढा पाऊस झाला, नदीकाठच्या शाळांत पाणी शिरलं, लोकांचं सोयाबीन गेलं, शिक्षकांची घरं पण शेतकऱ्याचीच आहेत, अन् अशात फॉर्म भरायला लावले.

बिनपगारी_बीएड
डॉक्टरचं उदाहरण चुकीचंय. ज्याला 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागत नव्हती अशा डॉक्टरकडं तुम्ही जाताच, पण तो इंग्रजी औषधाचं नाव वाचू शकत नाही म्हणला तर जाल का?

जालना_स्टील
आमचा गावातला डॉक्टर काय लिहितो ते तोच वाचू शकत नाही. तरी जातो.

आकडेमोड_संभाजीनगर
दोघंही थांबा, गुरुजींचा प्रश्न इंग्रजीचा होता. निकाल बरोबर का चूक हे पुढच्या याचिकेत ठरंल, २३ नोव्हेंबर त्यासाठी थांबणार नाही. अन् एक लक्षात घ्या, या परीक्षेचा निकाल बऱ्याच वर्षी एक आकडी टक्क्यात लागलाय. बसलेल्या शंभरातले नव्वदच्या वर बाहेर राहतात. तिथं ३० मार्क आधीच सोडून बसणं म्हणजे कुस्तीत एक हात बांधून उतरणं.

लातूरची_लेक
गुरुजी, आधी टोमणा मारला त्याची भरपाई म्हणून सांगते, मी मागच्या वर्षी हेच केलं. नवीन पुस्तक एकही घेऊ नका. पेपर १ चा गाभा पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमाचा, काठिण्य दहावीपर्यंत जातं. बालभारतीची इंग्रजीची पुस्तकं पाचवी ते आठवी, ई-बालभारतीवर फुकट पीडीएफ आहेत. रोज एक धडा मोठ्यानं वाचा, मनात नाही, मोठ्यानं. उतारा आला की आधी प्रश्न वाचायचे मग उतारा, शब्द अडला तर पुढं जायचं, अर्ध्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातल्याच वाक्यात उचलून ठेवलेली असतात. व्याकरणात चारच गोष्टी धरा: ए-ॲन-द, इन-ऑन-ॲट, काळ, अन् विशेषणाच्या तीन पायऱ्या. बाकी सोडा. एवढ्यात १४-१५ पर्यंत जाता. साडेसातचे पंधरा झाले की बाकी १२० मधून ७५ लागतात, म्हणजे साडेबासष्ट टक्के. गणित तुमचं तुम्हाला येतंच.

आणि लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणतात ना, त्यात जादू काही नाही. चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा अन् तोच परत परत सोडवायचा, कंटाळा येईपर्यंत, अन् कंटाळा आल्यावर पण. पहाटे उठून. मग सुशीला खायचा अन् शाळेला जायचं.

नांदेडी_मिरची
सुशीला वाचून भूक लागली. लातूर स्टँडच्या बाहेर शेंगदाणे घालून गरम मिळायचा तसा आमच्याकडं मिळंना.

उर्दू_मीडियम
सुशीला कोण?

नांदेडी_मिरची
😂 भाई चुरमुऱ्याचा असतो. भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, दाळव्याचं कूट. परभणीत राहून माहीत नाई?

उर्दू_मीडियम
अरे तो! आम्ही नुसतं 'मुरमुऱ्याचा नाश्ता' म्हणतो. मला वाटलं कुठल्या मॅडम आहेत ज्या गरम भेटतात 🤦

वस्तीशाळा_ते_आज
एक आडवाट सांगतो कुणी बोललं नाही म्हणून. सीटेट बघा. सीबीएसई घेती. त्यात भाषा १ अन् भाषा २ वीस भाषांतून निवडता येतात, मराठी आहे. म्हणजे मराठी अन् हिंदी घेतली की इंग्रजीचा संबंधच नाही. भाषेच्या ३० मधले १५ प्रश्न उताऱ्यावर असतात अन् १५ भाषा कशी शिकवायची त्यावर. मुख्य पेपर मात्र हिंदी-इंग्रजीत छापलेला असतो, गणित अन् परिसर हिंदीत वाचायचं. 'भिन्न' म्हणजे अपूर्णांक अन् 'परिमाप' म्हणजे परिमिती एवढी सवय करून घ्या. पास व्हायला तिथंही ६० टक्केच. पवित्रच्या भरतीत सीटेट धरतात. पुढची फेब्रुवारी २०२६ ला आहे म्हणतेत.

जिंतूरचे_गुरुजी
हे मला माहीतच नव्हतं. केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं. पण आधी नोव्हेंबरचं बघतो, फॉर्म तर भरलाय. लातूरच्या ताई, तुमचं ऐकून एक केलं. मॅडमला सांगितलं की तिसरी-चौथीचं इंग्रजी मला द्या, गणित तुम्ही घ्या. मॅडम पहिल्यांदा घाबरल्या, मग हसल्या. त्यांनाबी टीईटी द्यायचीय, त्यांचं गणित कच्चं आहे. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास त्या मला प्रिपोझिशन अन् मी त्यांना लसावि-मसावि. लेकरं खिडकीतून बघतात की गुरजीला कामून शिकवायल्यात.

टीईटीग्रस्त
हे बेस्ट झालं

जिंतूरचे_गुरुजी
मंडळी, पेपर होऊन गेला, परभणीलाच सेंटर होतं. दारात बोटाचा ठसा, तोंडाचा फोटो, खिसे तपासले. आमच्या बाकाच्या पुढं मह्याच शाळेतून चौथी पास होऊन गेलेली पोरगी बसलेली, डीएड करून आता टीईटीला. पाया पडली अन् म्हणली "गुरजी तुम्ही पर्यवेक्षक का?" काय सांगणार. म्हणलं नाही बाई, तुझ्याच मागं बसायचंय. पेपर सुटल्यावर तिनं चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत.

आता अंतरिम उत्तरसूची आलीय. ताळा करून बघितला. बालमानसशास्त्र २०, मराठी १९, इंग्रजी १६, गणित २१, परिसर १२. बेरीज ८८. परिसर अभ्यासात दोन प्रश्नांवर आक्षेप घेतलाय, मला वाटतं सूचीतलं उत्तर चुकलंय, पुस्तकाचं पान जोडलंय. दोन्ही मान्य झाले तर बरोबर ९०.

आकडेमोड_संभाजीनगर
गुरुजी, इंग्रजी सोडून बेरीज करा: ७२. तुमच्या मूळ प्लॅननं त्यात सात पडले असते तर ७९. बैल परिसर अभ्यासाचा बसला, इंग्रजीनं ओढली गाडी.

अंबाजोगाईचा_फळा
परिसर अभ्यासात १२? रोज तुम्हीच शिकवता ना तो?

जिंतूरचे_गुरुजी
२३ वर्ष. म्हणूनच उघडून बघितला नाही.

बिनपगारी_बीएड
गुरुजी, आक्षेपाची पावती जपून ठेवा, पीडीएफ पण. मागं मी एकदा ठेवली नव्हती अन् पुरावा मागायची वेळ आली. अन् तुमच्या ९० साठी नवस नाही करत, पण व्हावेत.

जिंतूरचे_गुरुजी
ठेवली भाऊ. तुमची यादी लागली की इथं कळवा. सीटेटचा फॉर्मपण भरून टाकलाय, उगं जोखीम नको. भाषा १ मराठी, भाषा २ हिंदी. लातूरच्या ताई रागावू नका.

लातूरची_लेक
रागावले. आता हिंदीत दही खट्टा का खट्टी ते सांगा आधी.

जिंतूरचे_गुरुजी
खट्टं.

उर्दू_मीडियम
😂😂😂 सर माझी मुलगी मोकळी आहे संध्याकाळी, पाठवू का?

पाथरी_७७
पेपर २ सामाजिक शास्त्राची उत्तरसूची कुणाकडं आहे का? मला साइटच उघडंना सकाळपासून.